चूक आली तर पुढे चल

प्रिय चिमणे,

फोनवर तू मुद्द्यावर ये म्हणतेस आणि माझं ततपप होतं, म्हणून लिहितेय. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आमच्या डायलिसिस विभागात कुणी किती वाजता कोणत्या मशीनवर यायचं, ती रोजची यादी माझ्या मॅक्रोतून, मी संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या त्या छोट्या प्रोग्रॅममधून, निघते हे तुला ठाऊकच आहे. अठरा वर्षांपूर्वी पुस्तक मांडीवर घेऊन मी ती भाषा शिकले, शेजारी तू पाढे घोकायचीस. केवढी मिरवले होते मी! आता ऑफिसच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती जुनी भाषा चालणारच नाही म्हणे. एक तारखेपासून बंद. सॉफ्टवेअर कंपनीची माणसं माझं सगळं नव्या भाषेत जसंच्या तसं उतरवून घेतायत.

त्या 'जसंच्या तसं'चीच मला धास्ती आहे. मॅक्रो सारखा अडायचा, म्हणून तेव्हा मी वरतीच एक ओळ टाकली: चूक आली तर थांबू नकोस, पुढे चल. अडणं थांबलं खरं, पण एखाद्याच्या नोंदीत तारीख राहिली की त्याचं नाव गुपचूप गळतं. पहिल्याच वर्षी एक बाई सुजलेले पाय घेऊन तीन तास बाकावर बसून राहिल्या, आणि यादीत त्या नव्हत्याच. ओळ काढली तर यादीच निघेना. तेव्हापासून रोज सकाळी रजिस्टरवर बोट फिरवत मी एकेक नाव ताडून बघते. साहेबांना वाटतं, बाईंना खोडच आहे. आधी लाज वाटली म्हणून सांगितलं नाही, मग फार उशीर झाला गं.

आता ती ओळ नव्या भाषेत जाईल, माझं बोट जाणार नाही. महिनाअखेरीस मी निवृत्त होतेय. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि न सांगताच परत आले. तू हेच प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करतेस. रजा टाकून ये आणि त्या माणसांना नीट समजावून सांग. मी शेजारी उभी राहून सगळं कबूल करेन, काय बोलायचं ते बोलू देत.

बाबांनी शपथ घातलीय, तरी सांगते. फोनवर ते दमलेले वाटतात ना, तो सर्दीखोकला नाही. त्यांच्या किडन्या निकामी झाल्यात. एक तारखेपासून ते आमच्याच विभागात यायचेत. काल नव्या सॉफ्टवेअरवर चाचणी म्हणून एक तारखेची यादी काढली. रजिस्टरमध्ये एकेचाळीस नावं, यादीत चाळीस. मी बोट फिरवत गेले. गळालेलं नाव तुझ्या बाबांचं होतं.

तुझीच, दाराकडे डोळे लावून बसलेली,
आई