हयातनगरचं वळण

बरकतपुरा, हैदराबाद
२८ जानेवारी १९५८

प्रिय तातेराव,

जयभीम. आम्ही दोघं बरे आहोत. सासूबाईंचे डोळे आता कसे आहेत? मुलं कॉलेजात रमली का? तुमची तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही यात टपालखात्याचा काही दोष नाही. ते पुढे येईलच. आधी शर्यतीचं सांगतो, कारण ते सांगायला सोपं आहे.

परवा सव्वीस तारखेला सायकल शर्यत झाली. मलकपेठच्या रेसकोर्सपासून हयातनगर आणि परत. पंचेचाळिशीच्या वरच्यांचा गट यंदाही होता. तुम्ही औरंगाबादला गेल्यावर गेल्या वर्षी मी नावच दिलं नव्हतं. यंदा म्हटलं, एक्कावन्न संपत आलं, आता नाही तर कधी? हसन मिस्त्रीने मडगार्ड, कॅरिअर, घंटी सगळं उतरवून दिलं आणि वर उपदेश केला, "नक्को जाओ चाचा. दम उखड़ा तो घर कू कौन लाएगा?" मी म्हणालो, "तेरी सखूचाची आएगी, झाडू लेके." तेव्हा कुठे त्याने चाकात हवा भरली.

सुरुवातीला मी मागेच होतो. पुढे एकेक जण ढेपाळत गेला आणि हयातनगरच्या वळणावर मी पहिला होतो. खोटं वाटेल, पण पहिला! परतताना समोरून वारा सुटला. आणि काय केलं मी? मांडीवर थाप मारली आणि डावीकडे सरलो. पाच वर्षं आपण असेच पळालो ना. एकाने वारा छातीवर घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकाशी राहून दम खायचा, मग पुढच्याने थाप मारून सरायचं आणि मागच्याने पुढे यायचं. मी सरलो आणि तुमची वाट पाहिली. आले ते नलगोंड्याचे एक रेड्डी मास्तर. ते गेले ते गेलेच. माझ्या पायातलं बळही त्यांच्याबरोबर गेलं आणि मी चौथा आलो.

शर्यत संपल्यावर मास्तरांनी माझा हात हातात घेतला. "दारि इच्चारु, चाला संतोषमंडी," म्हणाले. वाट दिलीत, फार आनंद झाला. ती वाट कुणाला दिली होती ते त्यांना काय सांगणार? तुम्हाला सांगतो. तातेराव, तुमची फार आठवण येते. रविवारी अफझलगंजच्या वाचनालयात मी आता एकटाच जातो. पेपरातलं काही वाचून हसू आलं तर शेजारी बघतो, तिथे कुणी पेंगत असतं.

आता मुद्द्यावर येतो. माझी बदली औरंगाबादला व्हावी म्हणून तुम्ही चार वेळा कचेरीत खेटे घातलेत. 'माझ्या दाजींवर अन्याय झाला' म्हणून साहेबांशी भांडलात. आता माझ्या कागदाची नक्कल मागवणार म्हणता. ती मागवू नका. हैदराबाद राज्य फुटताना कुठल्या राज्याच्या नोकरीत जायचं ते लिहून द्यायला कचेरीत कागद आला, तेव्हा आपलं ठरलं होतं, दोघांनी मुंबई राज्य लिहायचं. तुम्ही लिहिलंत. मी शेजारच्याच टेबलावर बसून आंध्र लिहिलं. माझ्यावर अन्याय कुणीच केला नाही.

मला भीती वाटली. औरंगाबादहून आपलं गाव जवळ. गाव जवळ आलं की गावकुसाबाहेरची ती जागाही जवळ येणार, असं मनाने घेतलं. इथे सगळंच गोड आहे असं नाही, पण इथे पंचवीस वर्षं लोक मला सायकलवाले श्रीपतीराव म्हणतात, पुढचं विचारत नाहीत. तुम्ही म्हणायचात, मान वर करून परत जायचं. तुमची हिंमत झाली, माझी झाली नाही. आणि तेही तुमच्या तोंडावर सांगवेना, म्हणून सरकारने अडवलं असं ठोकून दिलं. सरकारला काय, सगळेच नावं ठेवतात.

सखूलाही मी तेच सांगितलं होतं. तिला वाचता येत नाही. तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचो, बदलीच्या अर्जाच्या ओळी गाळून. परवा शर्यतीहून आलो तर ती माझ्या गुडघ्यांना तेल चोळत बसली. चोळता चोळता नेहमीसारखी सुरू झाली, "मेल्यांनी माज्या भावापासून तोडलं मला." मला ते ऐकवेना. सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला.

"मंग येवढे दिस म्या सरकारला उगंच शिव्या दिल्या व्हय?" एवढंच बोलली आणि भाकरी थापायला गेली.

आज सकाळी तिने गाठोडं बांधलं. उद्या काचीगुड्याहून गाडीने ती तुमच्याकडे निघतेय. कधी परत येशील विचारलं, तर म्हणाली, "तातेला इचारून सांगीन."

हे पत्र मी तिच्याच हाती देतोय. तिला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा आणि माझ्यासारखं काही गाळू नका. पुढच्या ओळी तिच्यासाठी आहेत.

सखू, तुला न विचारता मी हे शहर ठेवलं. आता तू इथून जातेस तर कळतंय, मला ते एकट्याला नको आहे. तू म्हणशील तर तिकडे येतो. कागद पुन्हा भरू देतात का ते मी विचारीन. भरू दिला, तर या वेळी तुझ्या भावासमोर बसून लिहीन.

दाजी म्हणायचं की नाही ते तातेराव, तुम्ही ठरवा. तोवर नुसताच,

श्रीपती