शेवटची अकरा पानं

धानोरा,
भाद्रपद शुद्ध षष्ठी, शके १८५९

चि. सौ. कौसाबाई हिस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळी खुशाल आहेत, तुझी खुशाली कळवावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पण कळवावी म्हणजे खरंच कळवावी गं! राखीपौर्णिमेला तुझं कार्ड आलं, त्यानंतर एक ओळ नाही. तापीला पूर, प्रकाशा गावची नाव बंद, टपाल अडकलेलं, हे सगळं मला समजतं. तरी टपालवाला गल्लीत शिरला की हातातलं काम टाकून मी दाराशी. परवा तव्यावरची भाकर विसरले, पार कोळसा झाली.

आज नाव सुरू झाल्याचं कळलं. तुझे दादा उद्या उजाडताच तुझ्याकडे खापरला निघताहेत, हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. पाकीट गोंदाने चिकटवलंय. फोडलेलं दिसलं तर मला कळव, मग बघते त्यांच्याकडे.

बाकी हालहवाल. कापूस बरा आहे. भुरी म्हैस व्याली, रेडी झाली. मायचा उजवा डोळाही आता गेल्यातच जमा, अंगणात जायचं तर हात धरावा लागतो. पण तोंड? तोंड तुला माहीत आहे. सोबत डिंकाचे लाडू पाठवते. ते तुझ्यासाठी आहेत, तुझ्या सासरच्या मंडळींसाठी नाहीत.

आपली जागा जशीच्या तशी आहे. कोठीघरातल्या दोन कणगी, मागची भिंत आणि मधली ती हातभर फट. लग्न होऊन मी आले त्या आठवड्यात तू मला ओढत तिथे नेलं होतंस, आठवतं? "वहिनी, हाई मन्ही जागा शे, कोनले सांगू नको." खाली पोती, त्यावर फाटकी गोधडी, वर झरोका. त्यातून उजेड बरोबर पानावर पडतो. ज्वारीचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास. चौथीपर्यंत शिकलेली सून म्हणून सगळे मला बिचकून होते, आणि तू मात्र तुझं पुस्तक माझ्या मांडीवर टाकलंस. पहिल्या दुपारी आपण दोघी तिथे अशा अडकून बसलो की उठताना तुझी बांगडी फुटली. आता एकटीला ती फट रुंद वाटते.

तुला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तसं मायने देवाला बोलून टाकलं. श्रावणभर घरात पोथी वाचली जाईल, मी एका जागी बसून ऐकीन, माझ्या कौसाला सुखरूप सोडव. पहिली खेप इथे माहेरी झाली आणि अपेश आलं, म्हणून दुसऱ्या खेपेपासून तुझ्या सासरच्यांनी तुला नदी ओलांडू दिली नाही. त्यांना दोष देत नाही. पण मायच्या हातात दुसरं काय उरलं होतं? पोथीच.

वाचणार कोण, तर मी. रोज दुपारी ओसरीवर पाट, लाल फडक्यात पोथी, समोर माय आणि शेजारची तापीबाई. तापीबाई तर पहिल्या ओळीला मान डोलवायची नि तिसरीला घोरायची. महिनाभर एक दिवसही चुकवला नाही. रोज वाचलं.

पोथी वाचली असं मी लिहिलेलं नाही. लक्षात आलं का तुझ्या?

कौसा, आता लिहूनच टाकते. चार दिवस पोथी वाचली. पाचव्या दिवसापासून त्या लाल फडक्यात तुझं गोष्टीचं पुस्तक होतं.

तू जाताना ते माझ्याकडे ठेवलंस आणि शपथ घातलीस की मागची पानं उघडून बघायची नाहीत, क्रमाने वाचायचं. मी निम्म्यावर आले होते. गोष्टीतल्या त्या मुलीला घरातून काढलेलं, ती पावसात नदीकडे निघालेली, आणि मला आठ-आठ दिवस कोठीघरात शिरायला मिळेना! निंदणी, दळण, गुरं. दिवसातून एकच तास सुनेने पुस्तक धरलं तर कोणी ओरडणार नाही, तो पोथीचा. म्हटलं एकच दिवस. मायला दिसत नाही, तापीबाई झोपते, कोणाला कळतंय? एका दिवसाचा महिना झाला. खरी पोथी तिकडे आपल्या फटीत, गोधडीखाली.

तुला हसू येईल. सुरुवातीला मी "ऐका श्रोते हो" म्हणायची, मध्येच त्या मुलीला राजकन्या करायची, आणि धडा संपला की हात जोडायची. माय फडक्यावर रोज हळदकुंकू वाहायची, अक्षता, वर चिमूटभर साखर. तुझ्या त्या पुस्तकाची इतकी पूजा कधी झाली नसेल.

साखरेनेच घात केला. पोळ्याच्या आदल्या दिवशी समाप्ती. पाच सवाष्णी जेवायला यायच्या होत्या, पुरण शिजत होतं. मी फडकं सोडलं तर खाली भुगा. उंदरांनी साखरेच्या वासाने फडकं कुरतडलं आणि मागची अकरा पानं खाऊन टाकली. मोजली मी, कण्यावर अकरा टोकं उरली आहेत. ती मुलगी नावेत बसली आहे, नाव मधल्या धारेत, नावाडी म्हणतो, "बाई, आता देवाचं नाव घ्या." आणि पुढे काहीच नाही.

मी काय केलं असेल? इकडच्या तिकडच्या चार ओळी बोलले, आरती म्हटली, पाट उचलला. सवाष्णी जेवून गेल्या. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही. नवस तुझ्यासाठी होता आणि तो मी माझ्या हौसेसाठी वाया घालवला. तुझे दिवस भरत आले आणि कार्ड येईना, तसं तसं मला वाटायला लागलं की हे माझ्याच पापाचं फेडणं चाललंय. मी फार भित्री नाही गं, पण कपडे धुताना, गोठ्यात, कुठेही एकच विचार. दोनदा जे झालं ते पुन्हा झालं, तर मी तुझ्यासमोर कशी उभी राहू?

मग भाद्रपद लागल्यावर मायला म्हटलं, आणखी महिनाभर पोथी वाचू या, कौसाबाईसाठी. खरी पोथी काढली, अध्याय पहिला. दोन दिवस मायने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे परवा, मध्येच म्हणाली, "बंद कर वं ते. हाई पोथी मन्ही तोंडपाठ शे."

मी म्हटलं, "मग श्रावणात..."

"मन्हा डोया गयात, कान नई गयात. पाचवा दिवशीच समजनं माले."

मला जमिनीने गिळावं असं झालं. पाय धरले, रडले, म्हटलं, माय, नवस मोडला माझ्यामुळे. तर उलट मलाच रागावली. म्हणाली, "नवस मी आयकाना बोलेल व्हती. तीस दिन एक जागावर बठनी, आयकं. बाकीनं देव देखी." ऐकायचा नवस ऐकून फिटला, म्हणे. आणि माझ्याकडे तोंड न करता, "ती पोर नावमा बशेल शे ना, तिनं काय व्हयनं? समाप्तीले तू सांगंच नई."

मी उंदरांचं सांगितलं. तेव्हापासून तिला चैन नाही. ताटावरून उठते, दाराशी जाते, परत येते, पुन्हा तेच: "काठले लागनी का ती?" काल तर चक्क म्हणाली, "कौसा काठले लागनी का?" आणि स्वतःच जीभ चावली. मीही तिच्या पुढ्यात बसून रडले. सुनेने सासूपुढे असं बसून रडायचं नसतं म्हणे. बसले खरी.

मी शेवट बनवून सांगू शकले असते. महिनाभर बनवतच होते की. पण तिला लगेच कळेल, आणि तिला खोटं सांगायची माझी हिंमत उरलेली नाही.

म्हणून तुला लिहिते. ते पुस्तक पुरं वाचलेली आपल्या घरात तू एकटी आहेस. त्या अकरा पानांत काय होतं ते लिहून पाठव. दादांच्या तोंडी निरोप पाठवू नको. मागच्या खेपेला ते खापरहून आले आणि "सगळं बरं आहे" म्हणाले. चार दिवस माय नातवंडासाठी टोपडं शिवत बसली. पाचव्या दिवशी बाजारात कोणीतरी खरं सांगितलं. ते टोपडं अजून माझ्या पेटीत आहे. दादांचा जीव मऊ, त्यांना वाईट बातमी सांगता येत नाही. त्यांच्या "बरं आहे"वर आता या घरात कोणी विश्वास ठेवत नाही.

दादांना मी बजावलंय की तुझ्या हातचा कागद घेतल्याशिवाय परत नावेत चढायचं नाही. लांबलचक नको. बसवत नसेल तर पडल्या पडल्या लिही. अक्षर वेडंवाकडं चालेल, अर्धीच ओळ चालेल. ती मुलगी काठाला लागली की नाही, एवढंच लिही. बुडाली असेल तर तसं लिही, मी मायला वाचून दाखवीन, आम्ही दोघी मिळून काय ते सोसू. पण अक्षर तुझं पाहिजे, कौसा. दुसऱ्या कोणाचं नको.

कोठीघरातली फट झाडून, गोधडी उन्हात टाकून ठेवली आहे. दोघींना दाटी होईल हे माहीत आहे, तिघांना तर होईलच. तरी ये.

नावेच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी चोर वहिनी
धनु