आगामी कार्यक्रम, दाखल क्रमांक एक ते पाचशे

१७ फेब्रुवारी, सोमवार
शेवटी माझी किंमत कळली. ग्रंथपाल बाईंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मार्च महिन्याचे सगळे कार्यक्रम माझ्याकडे. शनिवारी चार वाजता मुलांसाठी गोष्टींचा तास, रविवारी अकरा वाजता मोठ्यांसाठी काहीतरी उपयुक्त. शेवटच्या रविवारी माझं स्वतःचं व्याख्यान, ‘वाचकाची शिस्त’. ही भर मी घातली.

अट एकच. वरच्या हॉलमधल्या चाळीस खुर्च्यांपैकी निम्म्या तरी भरल्या पाहिजेत. नाहीतर कार्यक्रम काउंटरवरच्या बाईंकडे आणि मी तळघरात, बाइंडिंगच्या खोलीत. मी हसलो. ग्रंथपाल बाई हसल्या नाहीत. त्यांना विनोदबुद्धी कमीच.

घरी सांगितलं. ही म्हणाली, अभिनंदन, पण लोकांना कळणार कसं? हिचं नेहमीचंच, आधी शंका. चिऊने मात्र विचारलं, बाबा, गोष्ट तुम्ही स्वतः सांगणार? मी हो म्हणालो. मग म्हणाली, मी मैत्रिणींना घेऊन येऊ? नऊ वर्षांच्या पोरीने मला कामावर एकदाच पाहिलंय, आणि तेव्हा मी एका आजोबांना फाटलेल्या पानावरून फैलावर घेत होतो. या वेळी तिला कळू दे तिचा बाप काय चीज आहे. खरं सांगायचं तर चाळीस खुर्च्यांपेक्षा मला तिची एक खुर्ची महत्त्वाची आहे.

संकल्प: महिनाभर हसतमुख राहणे.

१९ फेब्रुवारी
पत्रकाचा मजकूर. काउंटरवरच्या बाईंनी आगाऊपणे एक कागद पुढे केला. त्यावर एवढंच: शनिवारी चार वाजता या, गोष्ट ऐका. याला काय मजकूर म्हणायचा? मी ‘सदर कार्यक्रमास उपस्थित राहू इच्छिणाऱ्या बालवाचकांनी’ अशी सुरुवात करून अकरा नियम लिहिले. हिला वाचायला दिलं. तिने विचारलं, वार आणि वेळ कुठे आहे? मागच्या बाजूला आहे. लोकांना पान उलटायचाही कंटाळा!

२१ फेब्रुवारी
पाचशे पत्रकं छापून आली. आणि अनर्थ होता होता टळला. शिपाईमामा गठ्ठा उचलून थेट फाटकाकडे निघाले होते, रस्त्यावर वाटायला! मी धावत जाऊन अडवलं. एकोणीस वर्षं मी इथे आहे. छापलेला कागद या इमारतीत आला की आधी दाखल नोंदवहीत चढतो, त्याला क्रमांक पडतो, दोन ठिकाणी शिक्का बसतो, मगच पुढचं बोलायचं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, अहो, ही फुकट वाटायची आहेत. मी म्हणालो, म्हणूनच तर नोंद हवी.

२२ फेब्रुवारी, सकाळी ११
४६ झाली. प्रत्येकाची वेगळी ओळ. शीर्षक, पृष्ठे (एक), लेखक (मी). हात भरून आलाय, पण लेखकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना थकवा जाणवत नाही.

२४ फेब्रुवारी
१३१. आता प्रश्न, ठेवायची कुठे? खूप विचार केला. ज्यात तारखा असतात ते संदर्भसाहित्य. संदर्भसाहित्य बाहेर जात नाही. म्हणून सगळी संदर्भाच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.

दुपारी जुळी पोरं घेऊन एक ताई आल्या. मुलांसाठी काही आहे का म्हणाल्या. मी हसतमुखाने सांगितलं की पत्रक आहे, कार्ड जमा करून टेबलावर बसून वाचता येईल. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. फॉर्म दिला. त्यावर दोन सभासदांची शिफारस लागते. त्या फॉर्म घेऊन काउंटरकडे गेल्या आणि तिथल्या बाईंशी बराच वेळ कुजबुजत होत्या. प्रतिसाद उत्तम आहे.

२७ फेब्रुवारी
२९०. शिपाईमामांनी विचारलं, साहेब, कपाटाला अजून एक कुलूप लावू का? फार साधा माणूस. हो म्हणालो.

१ मार्च, शनिवार
४.००. हॉल. चाळीस खुर्च्या, पुसलेल्या. पंखा चालू. मी तयार.
४.१०. मी.
४.२५. एक गृहस्थ आले. टॉयलेट कुठे आहे विचारून गेले.
४.४०. वेळ पाळण्याची सवयच उरलेली नाही कुणाला. डोकं भणभणतंय.
५.००. खुर्च्या पुन्हा रचून ठेवल्या.

संध्याकाळी घरी आलो तर हिने ताट जरा जोरातच ठेवलं. मग समजलं. चिऊ बरोबर चार वाजता पाच मैत्रिणींना घेऊन आली होती. वॉचमनने फाटकातच अडवलं. कार्डाशिवाय बालवाचकांना सोडू नये, असा माझाच लेखी हुकूम त्याच्याकडे होता. माझे बाबा आत आहेत, असं पोरीने तीनदा सांगितलं. तो म्हणाला, बाळ, तुझ्या बाबांनीच सांगितलंय.

वॉचमनचं चुकलं नाही. माझंही नाही. मी चिऊला समजावलं की नियम सगळ्यांना सारखा, मोठी झालीस की तुला अभिमान वाटेल. ती म्हणाली, मैत्रिणी विचारत होत्या की बाबा खरंच तिथे काम करतात का.

नियम बरोबरच होता. तरी जेवण गेलं नाही.

२ मार्च, रविवार
मोठ्यांसाठी पुस्तकचर्चा. उपस्थिती तीन. ही, माझा मेव्हणा, आणि मिळेल त्या पंख्याखाली पेपर वाचत बसणारे आजोबा. त्यांना तिथून उठवणं शक्य नसल्याने मोजले. मेव्हण्याने दोनदा विचारलं, भावजी, हे किती वाजेपर्यंत आहे? याच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

५ मार्च
पाचशे पूर्ण!! शेवटचा शिक्का मारताना गहिवरून आलं. आनंद सांगायला कुणी नव्हतं, म्हणून वॉचमनला सांगितलं. त्याने, बरं झालं, म्हटलं.

ग्रंथपाल बाई आल्या. शंभर पत्रकं द्या, शाळांना पाठवते, म्हणाल्या. मी नम्रपणे लेखी मागणी मागितली. त्यांनी माझ्याच टेबलावरचं पेन उचललं. मग खरंच लिहून दिली. मी एक प्रत मंजूर केली, सात दिवसांच्या परतीवर.

८ मार्च, शनिवार
चिऊचा फॉर्म मी स्वतः भरला, शिफारस काउंटरवरच्या बाई आणि शिपाईमामांची. ती पहिल्या रांगेत बसली, नवा फ्रॉक घालून. मैत्रिणी नव्हत्या, त्यांचे फॉर्म अपुरे निघाले. मागे पेपरवाले आजोबा. एकूण दोन. हरकत नाही, गुणवत्ता महत्त्वाची.

थेट गोष्ट सांगणं मला पटत नाही. आधी गोष्ट या प्रकाराची पूर्वपीठिका घेतली. पंधराव्या मिनिटाला खालून हसण्याचा आवाज. हसणं कसलं, हैदोस! माझी लिंक तुटली. चिऊला म्हटलं, बस, आलोच. तणतणत खाली गेलो.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर काउंटरवरच्या बाई बसलेल्या आणि समोर फरशीवर, टेबलाखाली, चपलांच्या रॅकवर मिळून तीस-पस्तीस पोरं. जुळ्यांच्या आईने अख्खी सोसायटी गोळा करून आणली होती. वॉचमन चहाला गेला होता, आणि बाईंनी सगळ्यांना आत घेऊन टाकलं. हे असं चालतं! मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून एकच शब्द उच्चारला: शांतता. एका क्षणात चिडीचूप. एक पोरगी तर तोंडावर हात धरून बसली. एकोणीस वर्षांचा दरारा आहे हा.

समाधानाने वर आलो. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. चिऊ केव्हा खाली गेली, कळलंच नाही. म्हणजे मी ओरडलो तेव्हा ती तिथेच होती.

पूर्वपीठिका आजोबांना पूर्ण ऐकवली.

९ मार्च, रविवार
ज्येष्ठांसाठी ‘मोबाइल वापरायला शिका’. सात जण आले. सात! मी खुशीत. पण वाचनालयात मोबाइल आणायला बंदी आहे, त्यामुळे सातही मोबाइल फाटकावर जमा झाले होते. आता नियम मोडायचा का? छे. मी फळ्यावर मोठा मोबाइल काढला आणि खडूने बटणं दाबून दाखवली. एका आजींनी अगदी अदबीने विचारलं, बाळा, नातवाचा फोटो यात कुठे दिसेल? आणि सगळे हसले. अकरा वीसला हॉल रिकामा. आपल्याकडे शिकायची वृत्तीच नाही.

१० मार्च
ग्रंथपाल बाईंनी बोलावलं. एप्रिलची वाट बघायची नाही असं ठरलंय. येत्या शनिवारपासून कार्यक्रम काउंटरवरच्या बाईंकडे. माझं व्याख्यान रद्द. मी म्हटलं, पत्रकांची नोंद तरी बघा, एक खाडाखोड नाही. त्यांनी वही उघडली, पानं उलटली, खरंच बघितली. म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे हो तुमचं. आणि मग हळूच म्हणाल्या, पण यातलं एक तरी पत्रक कुणाच्या हातात पडलं का?

मी म्हटलं, तुमच्या हातात पडलं ना. परतीची तारीख बुधवार आहे.

संकल्प: यापुढे वाईट वाटून न घेणे.

११ मार्च
बाइंडिंगची खोली. खिडकी नाही. डिंकाचा वास डोक्यात जातो. पण पुस्तकं शिवणं हेच वाचनालयाचं खरं काम, हे मला कधीपासून वाटत होतंच.

१५ मार्च
तळघरातूनही वरचा आवाज ऐकू येतो. खुर्च्या सरकवल्याचा. कमी पडतात वाटतं. चिऊ मैत्रिणींना घेऊन गेली होती. घरी येऊन हिला सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून. मी आत गेलो तर म्हणाली, काही नाही बाबा.

दिवसभर चिडचिड झाली. सुई दोनदा बोटात घुसली.

२२ मार्च, शनिवार
आज अर्धा तास सुटी घेऊन वर गेलो. तपासणी वगैरे काही नाही. नुसता ऐकायला. हॉल खच्चून भरलेला, पोरं खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा. मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. चिऊने वळून बघितलं, मी हात केला. तिने केला नाही.

गोष्ट काही रंगली नाही. बाई मधेमधे थांबत होत्या, आणि पोरं माझ्याकडे चोरून बघत गप्प. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. म्हटलं, बाईंनाही शेवटी जमत नाहीच.

परत येताना चिऊ माझ्याबरोबर होती. कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, बाबा, पुढच्या शनिवारी तुम्ही नका येऊ. मी विचारलं, का गं? म्हणाली, बाई मधेच विचारतात की आता पुढे काय झालं असेल, आणि मग आम्ही सगळे ओरडून सांगतो. तीच तर मज्जा असते. आज कुणी ओरडलंच नाही.

मी म्हणणार होतो की गोष्ट गप्प बसूनच ऐकायची असते. पण म्हणालो नाही. विचारलं, मग तू घरी येऊन मला सांगशील का, पुढे काय झालं ते?

तिने चपलेने खडा उडवला, जरा विचार केला आणि म्हणाली, मधे बोलणार नसाल तर.

मी कबूल केलं. घर येईपर्यंत तो खडा आम्ही आळीपाळीने उडवत आणला.