मामांचं एक घमेलं

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत पूर्ण आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा कोपरांपर्यंतचा गोड मानून घ्यावा.) तुमची कंबर कशी आहे? स्लॅबच्या दिवशी तुम्ही अजून स्वतः वर चढता, असं मामीने कळवलंय. ती चांगलीच तापलीय, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत असणार.

डॉक्टर झालास तरी तुझं शिकणं संपत कसं नाही, हा तुमचा प्रश्न दर पत्रात असतो. तर ऐका. पोस्टडॉक म्हणजे डॉक्टरेट पदरात पडल्यावर विद्यापीठ ज्याला जा म्हणत नाही आणि राहा असंही म्हणत नाही, असा माणूस. इथे संशोधनाच्या अशा जागा बऱ्याच निघतात. कुणाला दोन वर्षं, कुणाला तीन. माझी मात्र बीम मोडेपर्यंत आहे. आमच्या सरांनी सिमेंट कमी करून राख घालायचं ठरवलं, त्या मालाचा बीम मी ओतला, त्याला लोखंडी वजनं टांगली आणि तो किती दिवस तग धरतो ते मोजत बसलो. अंदाज आठ महिन्यांचा होता. आता तिसरं वर्ष चालू आहे. माझ्याबरोबर लागलेले सगळे गाशा गुंडाळून गेले. मी रोज सकाळी भिंगातून भेग मोजतो, वहीत ‘फरक नाही’ लिहितो आणि चहा पितो. एकदा झाडलोट करणाऱ्या बाईंनी ओलं फडकं बीमवर वाळत घातलं, तेव्हा मी असा काही ओरडलो की त्या दोन दिवस फिरकल्या नाहीत. आता त्या आधी बीमची खुशाली विचारतात, मग माझी. एकंदरीत मजेत आहे. सर तर या राखेचे गोडवे गात सुटलेत आणि पुढच्या महिन्यात परिषदेत त्यावर बोलणार आहेत. (होते. त्याबद्दल खाली.)

लोभ आहेच; तो मागण्याइतका मी परका नाही.

तुमचा भाचा

ता. क. खरं सांगायचं राहिलंच. बीमचा सगळा माल तोलूनमापून घातला होता. पण शेवटी हात आपोआप गोणीकडे गेला आणि एक घमेलं सिमेंट जास्तीचं पडलं. सुट्टीत तुमच्या हाताखाली लागलेली सवय. ‘मापाचं गिऱ्हाइकाचं, वरचं एक माझं’ असं तुम्ही म्हणायचात ना! परिषद जवळ आली तसं मला राहवेना. गेल्या आठवड्यात सरांना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी मनात सामान बांधायला घेतलं. मग म्हणाले, “परिषदेला मी नाही म्हणून कळवतो. पण हे तुमचे मामा सध्या मोकळे असतात का?”

ता. क. २. आता नवे बीम ओतायचेत: एका घमेल्याचा, अर्ध्याचा आणि बिनघमेल्याचा. त्यासाठी दोन जागा निघाल्यात. एक माझी, दुसरी अनुभवी गवंड्याची. अर्ज सोबत आहे. शिक्षणाच्या रकान्यात बिनधास्त ‘सातवी’ लिहा. अनुभवाला जागा कमी पडली तर पाठीमागे लिहा. माझं शिकणं का संपत नाही, ते इथे येऊनच बघा. आणि मामीला आधीच सांगून ठेवा, इथला बीम छातीइतक्या उंचीवर आहे, वर चढावं लागत नाही.