सरूपणजी, तू मेलीच नव्हतीस

सरूपणजी,

जिला कधी पाहिलं नाही तिला पत्र लिहायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं. पण काल मिशनच्या चर्चमध्ये, दफनाच्या वहीत तुझं नाव सापडलं. घरात हे ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. मग सांगू कुणाला?

आम्हाला एवढंच माहीत होतं, की आजोबा आठ वर्षांचे असताना तू कपिलधारला दर्शनाला गेलीस आणि वाटेत पटकीनं गेलीस. विधवा बाई, कोण चौकशी करणार! आता चुलत्यांना जातीच्या दाखल्यासाठी जुना कागद हवा होता, म्हणून मी निजामाच्या काळच्या जनगणनेची, खानेसुमारीची, नोंद काढली. उर्दू वाचून देणारे चाचा तुझ्या नावापाशी थांबले.

"बेटा, ही बाई मेली न्हाई. महारोगी लिहिलंय. मिशनच्या दवाखान्यात."

मी दवाखान्यात गेले, तर तुझी तिथली शेजारीण भेटली, मार्थाबाई. कपिलधारला नेतो सांगून दिरांनी तुला बैलगाडीत बसवलं आणि दवाखान्याच्या फाटकात उतरवलं, हे त्यांनीच सांगितलं. घरी जाऊन तुझं तेरावंही उरकलं! आणि तू तर औषधानं बरी झालीस. बोटं तेवढी गेली.

नातीचं लग्न आहे कळल्यावर मार्थाबाईंना घेऊन तू गावी गेलीस. कशाला गेलीस गं? मांडवाबाहेर भिकाऱ्यांच्या पंगतीत बसलीस. वाढता वाढता आजोबा तुझ्यापुढं आले, थबकले. मग पानावर बुंदी घातली आणि वाकून हळूच म्हणाले, "माय, जेव आन् निघ. परत दिसलीस तर दगडानं ठेचीन."

माय म्हणाले! म्हणजे ओळखलं होतं.

तू पान त्यांच्या तोंडावर का नाही फेकलंस? उलट परत येऊन मरेपर्यंत साऱ्या आवाराला सांगत राहिलीस, "लेकानं आपल्या हातानं वाढलं मला." शेजारी बसून सगळं ऐकलेल्या मार्थाबाईंनी तुला कधी खोटं पाडलं नाही.

तू गेल्यावर त्याच निरोप घेऊन आल्या. आजोबांनी विचारलं, "कोण सरू?"

याच आजोबांच्या खांद्यावर बसून मी गेवराईचा बाजार पाहिलाय. ते गेले तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते.

चुलते म्हणाले, "कागद मिळाला, काम झालं. आता त्या बाईचं नाव घरात काढू नको. पोरींच्या सोयरिकी व्हायच्यात."

पुढच्या महिन्यात आजोबांचं वर्षश्राद्ध आहे. भावकी जमेल, आणि कुणीतरी डोळे पुसत म्हणेलच, बिचारं बिनमायचं लेकरू होतं. त्या क्षणी मी उठून आजोबांचं ते पंगतीतलं वाक्य मोठ्यानं सांगीन, जसंच्या तसं. जिच्या लग्नात ते घडलं ती आत्याही समोर असेल. रडेल. रडू दे.

तुझी पणती,
अनिता