अर्ध्या कडव्यातला डाव

गुरुजी, मी कॉम्प्युटरला आपला वाघ-शेळीचा खेळ शिकवलाय. तुम्ही हसाल. शाळेमागच्या फरशीवर कोळशानं आखलेला पट, शेळ्या म्हणून चिंचोके आणि वाघ म्हणून तुमच्या जुन्या कोटाचं बटण. शेळ्यांनी वाघाला कोंडायचं, वाघानं उडी मारून शेळी खायची. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं, कविता होती. एक कडवं म्हणून होईपर्यंत चाल करायची. माझ्या पाळीला तुम्हीच म्हणायचात, तुमच्या पाळीलाही तुम्हीच, ओठांतल्या ओठांत, एकेक ओळ चाखत. मी घाईनं चिंचोका सरकवायचो आणि तुम्ही डाफरायचात, "घोडेगावच्या बाजारात सोडल्यागत शेळ्या काय सोडतोस रे? आधी एक चाल मनात धरून ठेव. मग कडवं सरेस्तोवर तिच्याहून चांगली हुडक."

साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर जन्म गेला. आता राहाता गावातल्या घरी रिकामपणी हा उद्योग. सुरुवातीला प्रोग्रॅम एकच चाल धरून पार टोकापर्यंत विचार करत बसे, उत्तर काही देत नसे. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या वाघाला चहा विचारू का? सकाळपासून विचारात बसलाय." आणि तुमचं ते डाफरणं आठवलं. मग त्याला शिकवलं : आधी एकच पाऊल पुढचं बघ, एक उत्तर हाताशी ठेव, मग दोन पावलं, मग आणखी खोल, दर खेपेला आधीची चांगली चाल पहिली तपास, आणि जी वाट वाईट ठरली तिच्यामागं जाऊ नकोस. मी कडवं म्हणतो, संपलं की कीबोर्डवरचं बटण दाबतो. तेव्हा जे उत्तर हाताशी असेल ते त्यानं द्यायचं. काय सांगू, वाघ चपळ झाला, हुशारही झाला. मी रोज हरू लागलो आणि हरताना बरं वाटू लागलं.

पण हे सगळं मी एका डावासाठी केलं. नगरला कॉलेजात निघालो त्याच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला हरवलं होतं, आयुष्यात एकदाच. "हरलो की रे! जा आता. नगरात कुनाला भ्यायचं न्हाई," म्हणत तुम्ही ते बटण माझ्या मुठीत दिलंत. त्या एका विजयावर मी किती दारं ढकलली! आणि म्हातारपणी मनात आलं, मुद्दाम तर हरला नाहीत? ती मांडणी मला कवितेसारखी पाठ आहे. ती प्रोग्रॅमपुढं ठेवली आणि सावकाश कडवं म्हटलं. त्यानं दाखवलं : बऱ्याच चालींपुढं, खोलवर, वाघाला एक उडी होती. वाघ सुटत होता.

"परगावी चाललंय पोरगं, जिंकून जाऊ दे म्हणाले असतील. त्यात एवढं काय?" बायको म्हणाली. इतकी वर्षं मिरवलेला विजय म्हणजे वाटेत खायला दिलेली शिदोरी होती तर!

दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना तेच कडवं ओठांवर आलं आणि आठवलं. त्या दिवशी तुम्ही ते पुरतं म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या ओळीवर तुमचा आवाज बसला. तुम्ही शाळेमागच्या लिंबाच्या झाडाकडं तोंड वळवलंत, खाकरलात आणि तसंच बटण सरकवलंत. मी ओल्या अंगानं येऊन बसलो. दोन ओळी म्हटल्या आणि थांबवलं. प्रोग्रॅमनं तुमचीच चाल केली. पुन्हा म्हटल्या. पुन्हा तीच. तेवढ्या वेळात उडी त्यालाही दिसत नाही, गुरुजी. तुम्ही डाव सोडला नव्हता. तुम्हाला पुढं म्हणवलं नाही, एवढंच.

तुम्ही आता नाहीत, हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच सांगतो. रोज संध्याकाळी ती मांडणी लावतो. कडवं पुरं म्हटलं तर वाघ सुटतो, ठाऊक आहे मला. तरी दुसऱ्या ओळीशी मी थांबतो. डाव जिंकायचा म्हणून नाही. पुढं मलाही म्हणवत नाही.