लिंबाची फोड

बुधवार, सेक्टर ६

संध्याकाळी यांचा डबा धुवायले घेतला, तर लिंबाची फोड जशीच्या तशी.

यांच्या हिरड्यांतून रक्त येते. काल डॉक्टरनं विचारलं, व्हिटॅमिन सी कमी पडत असेल, लिंबू खातात का? मले रागच आला. रोज भाजीवर मीच पिळून देते. पण हे प्लांटात गेल्याबरोबर डबा भट्टीजवळच्या गरम पत्र्यावर ठेवतात. जेवणापर्यंत भाजी खदखदून राहते. एवढ्या आचेत सी टिकत नाही म्हणे.

म्हणून आज फोड वेगळी दिली. मग काहून नाही पिळली, मी यायले विचारलं.

"कच्चं लिंबू लय झोंबते वं. उकळलेलं चालते."

म्हणजे कधीपासून झोंबून राहिलं? आता आवळा देऊ का? तोही आंबटच.

रोज डबा उघडून पाहते मी. यांचं तोंड कधी पाहिलं?